कुत्र्यांची हद्द आणि आपली मुले

आमच्या स्नेह्यांपैकी एका गृहस्थांनी परवा माझ्यापाशी अशी तक्रार मांडली की, शिकागोतील माँट्रोझच्या किनाऱ्यावर कुत्र्यांसाठी राखून ठेवलेल्या वाळूत आपल्या तीन वर्षांच्या नातीला खेळावयास सोडले असता एका थोराड लॅब्रडॉरने तिच्या हातातील चकली हिसकावून घेतली, तिला पालथी पाडली, आणि त्याच्या मालकिणीने क्षमा मागण्याऐवजी ‘मुलीला येथे आणलेतच कशाला?’ असा उलट सवाल केला. या सदरातून मी त्या बाईंचा खरपूस समाचार घ्यावा अशी त्यांची अपेक्षा होती. तो मला घेववत नाही. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून हा प्रपंच.

कुत्र्याला साखळीविना हुंदडू देण्याची सरकारमान्य जागा शिकागोत प्रथम १९९७ साली झाली. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने हा प्रयोग १९७९ सालीच आरंभिला होता. आता येथे अशा जागा पुष्कळ आहेत आणि त्यांचा जाबताही चोख आहे: पशुवैद्याने लसीकरणाचा दाखला पाहून परवाना द्यावयाचा, कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला हवा, फाटक दुहेरी. मुलांना मज्जाव नाही, मात्र सोबतच्या सज्ञान माणसाने त्यांच्यावरून नजर काढता कामा नये. इतर काही शहरांत ठराविक वयाखालील मुलांना प्रवेशच नाही, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

आपल्या लोकांस हे रुचत नाही, कारण मुले आणि कुत्री एकाच धुळीत वाढताना आपण पाहिलेली असतात. आमच्या गावी, हरिहरेश्वरी, आधी कालभैरवाला हात जोडावे, मग हरिहरेश्वराचे दर्शन घ्यावे आणि निघताना पुन्हा भैरवाकडे यावे असा शिरस्ता आहे. आणि त्या भैरवाचे वाहनच कुत्रा असल्यामुळे, देवळापाशी आडव्या पसरलेल्या कुत्र्याला वळसा घालून जाण्यात आम्हांला लहानपणी कधी कमीपणा वाटला नाही. आम्ही त्याच्या शेपटीला करवंटी बांधण्याचे उद्योगही केले. पण अशा छळाचा वीट आला की तो गडग्यावरून उडी टाकून कुणाच्या तरी नारळीच्या वाडीत नाहीसा होई, आणि ही पळवाट हेच त्याच्या सहनशीलतेचे रहस्य होते. कुंपणातल्या कुत्र्याला ती वाट नाही. दिवसभर विसाव्या मजल्यावर कोंडलेला, धन्याची वाट पाहून शिणलेला तो जीव संध्याकाळी घटकाभर सुटतो, तोच समोर त्याच्या नाकाच्या उंचीवर हात हालवीत, किंचाळत धावणारे आणि तुपाचा वास येणारे एक मूल येते. त्याने काय करावे?

मुलाला कुठे आणि केव्हा न्यावे हे पाहणे मोठ्या माणसांचे काम. यावरून मला हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट आठवते. खडकांतील पायऱ्या उतरून समुद्राकाठाने, लाटांनी जाळीदार केलेल्या कातळांवरून डोंगराला वळसा घालणाऱ्या त्या वाटेने आम्हां मुलांना मोठी माणसे नेत असत. परंतु सुकती, म्हणजे ओहोटी, पाहून, आणि मनगट धरून. भरती केव्हा हे पाहण्यास कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण सुकती. शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. फक्त अमावास्येला पंधरावी तिथी धरावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी नेहमीपेक्षा वर चढते, आणि जे परगावचे यात्रेकरू ‘समुद्र तर शांत दिसतो’ म्हणून उतरतात, त्यांच्यावर प्रसंग ओढवल्याचे आमच्या गावाने पाहिले आहे. समुद्र दुष्ट नव्हे. तुम्ही कोण, कुठून आलात, तुमच्या कडेवर कोण आहे, याची त्याला दाद नाही, इतकेच.

श्वानोद्यानालाही अशी भरती असते. कचेऱ्या उघडण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर कुत्र्यांचे उधाण येते. भर दुपारी तेथे दोन-चार वृद्ध कुत्री आणि तितकेच वृद्ध मालक असतात. मुलाला कुत्र्यांची ओळख व्हावी, मनात धास्ती बसू नये, असे म्हणणाऱ्या आईबापांचे म्हणणे मी नाकारीत नाही. त्यांनी दुपारच्या त्या वेळी जावे, हातात खाऊ देऊ नये, चेंडू देऊ नये, धावू देऊ नये. इतके निर्बंध पाळून मुलाला तेथे कोणता आनंद मिळणार हा प्रश्न उरतोच. शेजारी झोपाळे-घसरगुंड्यांचे मैदान असते, आणि त्यात कुत्र्याला मज्जाव असला तर आपण तो न्याय्यच मानतो.

दंश झालाच तर काय करावे, हे येथल्यांइतकेच भारतातील वाचकांसही सांगितले पाहिजे, कारण पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांच्या दंशांपैकी चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुलांना होतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून, कारण रडणाऱ्या मुलापुढे दोन मिनिटेही पंधरा वाटतात. चुना, तिखट, हळद यांपैकी काहीही भरू नये. नंतर तडक दवाखाना गाठावा. बेंबीभोवतीच्या चौदा सुयांची धास्ती आता कोणी घालू नये; भारतातील ती जुनी लस २००४ सालीच बंद झाली, आणि आता दंडात मोजकी इंजेक्शने घेऊन भागते. खोल जखम असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, हे डॉक्टरांस आपणहून विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस पाळत ठेवतात, आणि त्यासाठी तो सापडावा लागतो. म्हणून कुंपणाच्या आत असाल तर मालकाची क्षमायाचना ऐकण्यापूर्वी बिल्ल्याचा क्रमांक टिपून घ्यावा. क्षमायाचना लांबते, आणि तोवर कुत्रा मोटारीत बसलेला असतो.