तिसरी तार

बुलढाणा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले गाव. पावसाळ्यात इथले धुके खिडकीतून थेट घरात येते. आमच्या भाड्याच्या घरातील उपद्रवाचे खापरही आम्ही बरेच दिवस त्या धुक्यावरच फोडत होतो.

घरमालकांचे चिरंजीव काही वर्षे इंग्लंडात होते. परतताना त्यांनी धुराचा इशारा देणारी तीन यंत्रे आणली आणि खालची खोली, जिना व वरची खोली अशा तीन ठिकाणी छताला बसवली. वीज तिकडेही २३० व्होल्टची, त्यामुळे अडचण आली नाही. ही यंत्रे घरातल्या विजेवर चालतात. वीज गेली की आतली बॅटरी त्यांना जागे ठेवते. शिवाय एका तिसऱ्या तारेने ती परस्परांशी जोडलेली असतात. एकाला धूर लागला की तिघांनीही ओरडायचे. आतल्या अंधाऱ्या कप्प्यात प्रकाशाचा एक झोत असतो. धूर शिरला की तो विखुरतो आणि बाजूच्या संवेदकावर पडतो. दुर्दैव इतकेच, की धूर, धूळ, वाफ आणि किडा यांतला भेद त्या झोताला कळत नाही.

गेल्या श्रावणात रात्री दोन वाजता तिन्ही यंत्रे एकदम किंचाळली. धुराचा मागमूस नव्हता. खालच्या खोलीत आई दचकून उठून बसली. त्यानंतर आठवडाभरात आणखी दोनदा हेच घडले. घरमालक म्हणाले, "सर, काढूनच टाका ना ते. रोजची कटकट कायले पाह्यजे?" आम्हालाही तो मोह झाला, हे कबूल केले पाहिजे.

पण १ जुलै २०२३ची रात्र या जिल्ह्यात कोण विसरेल? सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. घर म्हणजे बस नव्हे, आणि छतावरच्या यंत्राने ते प्रवासी वाचले असते असेही नव्हे. परंतु झोपलेल्या माणसाला आग किती अवधी देते, हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या मनात घर करून आहे. शिवाय आईची गादी कापसाची. दडपून भरलेला कापूस भडकण्याआधी आतल्या आत धुमसतो, हे कापसाच्या मुलखात वेगळे सांगायला नको.

तेव्हा आम्ही माहितीपत्रक काढून बसलो. तिघे ओरडत असताना मूळ कोण, हे ओळखण्याची खूण त्यात दिली होती : ज्याने आरंभ केला त्याचा तांबडा दिवा भराभर लुकलुकतो, इतर नुसती साथ करतात. चौथ्या वेळी विजेरी घेऊन पाहिले, तर गुन्हेगार जिन्यातला. एमसीबी बंद करून तो उतरवला. आत कोळिष्टक आणि धूळ. मागच्या बाजूला बदलण्याची तारीखही छापलेली होती, आणि ती केव्हाच उलटली होती. अशा यंत्रांचे आयुष्य साधारण दहा वर्षे. मालकांच्या चिरंजीवांनी तिन्ही नवी मागवली, वायरमनने ती बसवली आणि घरात शांतता नांदू लागली.

पंधरा दिवस आम्ही त्या शांततेवर खूश होतो. मग सहज म्हणून जिन्यातल्या यंत्राचे तपासणीचे बटण दाबले. ते ओरडले, उरलेली दोन गप्प. तिन्हींचे हिरवे दिवे मात्र छान तेवत होते.

वायरमनला पुन्हा बोलावले. पहिल्या कारागिराने जोडणीसाठी हिरवी तार ओढली होती आणि याने ती अर्थिंगला जोडली होती. "सर, हिरवी म्हंजे अर्थिंगच असते ना?" त्याचे म्हणणे चूक कसे म्हणावे? देशभर तसेच शिकवतात. वीज बंद करून ती तार सोडवली, तिच्या जागी जोडली आणि टोकांना पांढरी पट्टी गुंडाळली. बटण दाबताच तिघांनीही घर डोक्यावर घेतले. खालून आईचा आवाज आला, "कळलं रे, आता झोपू द्या!"

खोट्या गोंगाटाने आम्ही चिडलो होतो. खोट्या शांततेबद्दल मात्र आमची तक्रार नव्हती. दोहोंत घातक कोणते, हे आता सांगायला नको.

इंग्लंडात २०१५पासून भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर असे यंत्र असणे, आणि भाडेकरार सुरू होईल त्या दिवशी ते चालू असल्याची खात्री करणे, हे मालकावर बंधनकारक आहे. आपल्या १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे. या यंत्रांचा उल्लेख नाही. म्हणून अकरा महिन्यांचा करार नव्याने करताना आम्ही एक वाक्य घातले : दरमहा बटण दाबणे भाडेकरूकडे, बिघडलेले यंत्र बदलणे मालकाकडे. मालकांनी हसतहसत सही केली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमचे घर आता मिनिटभर किंचाळते. शेजारी एव्हाना सरावले आहेत. आई कानावर हात ठेवते, आणि खालचे यंत्र वाजले की मान डोलावते.