समजलं ना?

३५ वर्षं वर्गात "समजलं का?" विचारलं आणि दर वेळी एका सुरात "होऽऽ" ऐकलं. त्या 'हो'चा अर्थ 'बाई, आता सोडा' एवढाच असतो, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर तोच 'हो' मला कॅज्युअल्टीत ऐकू येऊ लागला. शेजारीपाजारी कुणाला लागलं-खुपलं की मी सोबत जाते. डॉक्टरांपुढे ही रांग! ते भराभर सांगतात, कागद देतात, "समजलं ना?" विचारतात. पेशंट "हो" म्हणतो आणि बाहेर आल्यावर कागद माझ्यापुढे धरतो, "बाई, काय लिहिलंय हो?"

बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. मूळ लॅटिनमधली ही लघुरूपं. औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम २०१६ साली आला खरा, पण अक्षर लागलं म्हणून अर्थ थोडाच लागतो?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला कुत्रं चावलं, तेव्हा कागदावर होतं ०, ३, ७, २८. "शून्य म्हणजे घ्यायचं नाही ना?" मावशींनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त! पहिली सुई टोचली तो दिवस शून्य, तिथून पुढे मोजायचं. ती सोमवारी झाली होती. मी काहीच सांगितलं नाही, कॅलेंडर पुढे ठेवलं आणि त्यांनाच खुणा करायला लावल्या. गुरुवार, पुढचा सोमवार आणि पहिल्या सुईपासून चार आठवड्यांनी येणारा सोमवार. जखम सुकली की काम झालं, असं त्या धरून चालल्या होत्या. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. राहिलेली एक सुई फार महाग पडू शकते.

तेव्हापासून मी "समजलं ना?" विचारणं सोडलं. "घरी गेल्यावर काय काय कराल, मला सांगा बरं," असं म्हणते. डॉक्टरी शिक्षणात याला 'टीच-बॅक' म्हणतात म्हणे. आम्ही उजळणी म्हणायचो. कोणतं औषध कधी, परत कधी यायचं आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता धावत यायचं, एवढं पेशंटच्या तोंडून यायला हवं. डोक्याला मार असेल तर वारंवार उलट्या, गुंगी, फिट हे शब्द यायलाच हवेत. अडलं तर मी मनाचं सांगत नाही, सरळ सिस्टरांकडे परत नेते.

असो. तुमच्या घरचं कुणी असा कागद घेऊन आलं, तर तो घडी घालून खिशात जाण्याआधी त्यांच्याच तोंडून एकदा ऐका. दोन मिनिटं लागतात.