घर कुणाच्या नावावर? सोलापूरच्या घरबाजाराची दीडशे वर्षे

१/ सोलापुरात आज घराचा भाव विचारला, की जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता, शेळगी, बाळे अशी नावे पुढे येतात. चौरस फुटांचा हिशेब लगेच सुरू होतो. परंतु या शहराचा इतिहास पाहू जाता भावाच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. ज्या कष्टकऱ्यांनी हे शहर वाढवले, त्यांच्या नावावर घर केव्हा आले?

२/ १८६० साली रेल्वे सोलापुरात पोहोचली. १८७७च्या सुमारास मोरारजी गोकुळदास यांची कापडगिरणी सुरू झाली, तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. त्यामागून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या आल्या. १९०१मध्ये सुमारे ७५ हजार असलेली लोकसंख्या १९२१पर्यंत लाखाच्या पुढे गेली. माणसे भराभर आली, घरे मात्र त्या वेगाने उभी राहिली नाहीत.

३/ गिरण्यांनी काही कामगारांसाठी चाळी बांधल्या. चाळीतील खोली म्हणजे नोकरीचाच एक भाग होता. नोकरी आहे तोवर छप्पर आहे, हा अलिखित करार. संपाच्या काळात पगारासोबत डोक्यावरचे छप्परही टांगणीला लागे. कामगाराच्या पिढ्या एकाच खोलीत वाढल्या, पण ती खोली त्यांची ‘मालमत्ता’ कधीच नव्हती.

४/ शहराच्या पूर्व भागातील चित्र वेगळे होते. निजामाच्या राज्यातील तेलंगण भागातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे माग मांडले. माळवदाच्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मागे चूल. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. येथे घर हाच कारखाना होता. म्हणून घराची किंमत ठरवताना किती माणसे झोपतील, याबरोबरच किती माग बसतील, हेही पाहिले जाई.

५/ तिसरा वर्ग पेठांतील भाडेकरूंचा. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे आधार मानले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, हे खरेच. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडे गोठून राहिले. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. जुन्या वाड्यांच्या पडक्या भिंतींमागे हा दुहेरी पेच आहे. १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तोवर कित्येक भिंती खचल्या होत्या.

६/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जुनी गिरणी तर साठच्या दशकातच थांबली. पुरुषांचा पगार बुडाला, तेव्हा अनेक घरांची चूल विडी वळणाऱ्या बायकांनी पेटती ठेवली. मांडीवर सूप, त्यात तेंदूपान आणि तंबाखू, आणि बसायला घराचा उंबरठा. म्हणजे पुन्हा घर हीच कामाची जागा. जिच्या मजुरीवर घर चालत होते, तिच्या नावावर मात्र घर नव्हते. आणि पगारपत्रक दाखवता येत नाही, तिला बँक कर्ज देणार कशी?

७/ १९९२ साली महानगरपालिकेची हद्द वाढली. भोवतालची गावे शहरात आली आणि क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द तेव्हापासून सोलापूरकरांच्या बोलण्यात रुळला. कागदावर शहर एका रात्रीत मोठे झाले. रस्ता, गटार आणि नळ यांना त्याच्यामागून यायला वर्षे लागली.

८/ या पट्ट्यात गुंठेवारी फोफावली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बिगरशेती परवाना नाही, रेखांकनाला मंजुरी नाही. शेताचे तुकडे पाडून, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून व्यवहार होत. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्यांची रीतसर नोंद होणे अवघड होते. त्यामुळे जमिनीवर दोन मजले उभे असतात, आणि सातबाऱ्याच्या पीकपाहणीत अजून ज्वारीच डोलत असते.

९/ या खरेदीदाराला मूर्ख ठरवणे सोपे आहे. त्याला कागदाची पोकळी ठाऊक होती. पण मंजूर प्लॉट परवडत नव्हता आणि भाड्याच्या खोलीत जन्म काढायचा नव्हता. शासनालाही हे वास्तव मान्य करावे लागले. २००१मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांना त्यात वाव मिळाला. बाजार आधी धावला, कायदा मागून आला.

१०/ भावाचा आणखी एक धनी म्हणजे पाणी. शहराची तहान मुख्यतः शंभरेक किलोमीटरवरील उजनी धरणावर भागते आणि नळाला पाणी काही दिवसांआड येते. म्हणून येथे घर पाहायला आलेला माणूस देवघराची दिशा विचारतो, आणि त्याच दमात विचारतो, “बोअरला पाणी आहे का? टाकी केवढी?”

११/ मग विडी कामगार स्त्रीचे काय झाले? एकटी गेली असती, तर बाजाराने तिला दारातही उभे केले नसते. ती समूहाने गेली. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव मिळाले. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार अशा तिघांच्या पैशातून अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथे दहा हजार घरे झाली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत घरांचे हस्तांतरण झाले.

१२/ त्याच परिसरात पुढे ‘रे नगर’ आले. ३० हजार घरे, अंदाजित खर्च १,८११ कोटी रुपये, त्यांपैकी ७५० कोटी केंद्र व राज्याचे साहाय्य. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली १५ हजार घरे देण्यात आली. साधा भागाकार केला तर घरामागे सुमारे सहा लाख खर्च, अडीच लाख साहाय्य, आणि उरलेले साडेतीन लाख कष्टकऱ्याचे. विडी वळणारी, यंत्रमाग चालवणारा, कचरा वेचणारी, रिक्षा हाकणारा, ही माणसे आता फुकट घर मागणारी नाहीत. ती खरेदीदार आहेत.

१३/ तरीही हिशेब येथे संपत नाही. उंबरठ्यावर काम करणाऱ्या बाईने घर बदलले, की तिचे कामही हलते. तेंदूपान कुठून आणायचे, वळलेल्या विड्या कुठे द्यायच्या, यंत्रमागाच्या पाळीवर रोज शहरात जायचे तर बसभाडे किती? घराचा हप्ता सर्वांना दिसतो. अंतराचा हप्ता कोणत्याच करारपत्रात लिहिलेला नसतो.

१४/ मध्यमवर्गाची गोष्ट निराळी. शिकलेली मुले पुण्याला जातात. आईवडील सोलापुरात, दोन खोल्या कुलपात. जुने घर विकले तरी पुण्यातील फ्लॅटची निम्मी रक्कमही पुष्कळदा उभी राहत नाही. म्हणून विकणाऱ्याला भाव कमी वाटतो आणि येथेच राबून घेणाऱ्याला तोच भाव डोईजड वाटतो. दोघेही खरे बोलतात, कारण एकाच्या हातात पुण्याचा गज आहे आणि दुसऱ्याच्या हातात सोलापूरची मजुरी.

१५/ इतिहासाची आवड असणाऱ्याने एकदा आपल्याच घराची कागदपत्रे काढून पाहावीत. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, फेरफार, खरेदीखत. शेत केव्हा प्लॉट झाले, प्लॉट केव्हा घर झाले, हे त्यात क्रमाने सापडेल. आजीचे किंवा आईचे नाव त्यात कोणत्या साली आले, हेही पाहावे. पुष्कळ उताऱ्यांत ते अजून यायचे आहे.