बंदर सोडण्यापूर्वी

रेल्वेच्या प्रवासात एखादी वस्तू घरी राहिली, तर ती पुढच्या स्थानकावर मिळते. यात्रेच्या बसला वाटेत कुठेही थांबवता येते. जहाजाचे तसे नसते. दोर सुटले आणि धक्का मागे पडला, की जे बरोबर आहे तेवढेच आपले. औषध राहिले, कागद राहिला किंवा जेवणाची सूचना द्यायची राहिली, तर पुढचे बंदर येईपर्यंत त्यावर फारसा इलाज नसतो. म्हणून समुद्रप्रवासाचा खरा कस तयारीत लागतो, आणि ही तयारी प्रवासाच्या आदल्या रात्री नव्हे, तर दोन-तीन महिने आधी सुरू होते.

अहिल्यानगरच्या बाजारपेठेतील नऊ कुटुंबांनी डिसेंबरअखेर मुंबई ते गोवा आणि परत अशी क्रूझ सहल ठरवली, तेव्हा हे कोणाच्या फारसे ध्यानात नव्हते. कोणाचे किराण्याचे दुकान, कोणाचे कापडाचे, कोणाचे भांड्यांचे. मिळून अडतीस माणसे. सर्वांत धाकटी नात चार वर्षांची आणि सर्वांत थोरल्या दादी शहात्तर वर्षांच्या. सहलीची कल्पनाही मूळ दादींचीच, जरी त्यांनी ती कधी बोलून दाखवली नव्हती. त्यांचे यजमान घाऊक किराण्याचे व्यापारी. सत्तरच्या दशकात सुपारी आणि काजूच्या खरेदीसाठी ते मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून वेंगुर्ल्याला जात. किनाऱ्यापासून दूर उभी राहणारी बोट, तिथून पडावात उतरण्याची धांदल, रात्री उघड्या डेकवर पसरलेल्या सतरंज्या, या साऱ्याचे वर्णन दादींनी अनेकदा ऐकले होते. स्वतः मात्र त्या कधी बोटीत बसल्या नव्हत्या. यजमान जाऊन आता अकरा वर्षे झाली.

तो बोटीचा जमाना केव्हाच मागे पडला. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे प्रवासी जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले आणि २०२१ मध्ये ‘एम्प्रेस’ हे मोठे क्रूझ जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले. ‘एम्प्रेस’ मुळात १९९० चे. त्या वेळी त्याचे नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ असे होते. पूर्वीची बोट माणसांना मुक्कामी पोहोचवत असे. क्रूझ जहाज हाच मुक्काम असतो. समुद्र तोच, किनारा तोच, पण प्रवासाचा हेतू पार बदलला.

हिशेब आधी, हौस नंतर

समूहाने पहिले काम व्यापाऱ्याला शोभेसे केले. वेगळी वही घातली. क्रूझचा जाहीर दर बहुधा एका खोलीत दोन माणसे धरून प्रत्येकी सांगितलेला असतो. बंदर शुल्क, कर आणि सेवकवर्गाची बक्षिसी त्याबाहेर असू शकते. त्याच खोलीत तिसरा आणि चौथा प्रवासी असेल, तर त्याला दर कमी पडतो. ही सारी कलमे लेखी मागवून घेतल्यावरच नऊ कुटुंबांची वर्गणी ठरली. रद्द करण्याच्या अटीही मोठ्याने वाचून दाखवण्यात आल्या, कारण प्रस्थानाची तारीख जवळ येते तसतशी परत मिळणारी रक्कम कमी होत जाते आणि शेवटी शून्यावर येते. समूहात एक माणूस गळाला, तर त्याचा भार कोणी सोसायचा, हे आधीच ठरले. पुढे होणारे अनेक रुसवे त्या एका बैठकीने वाचले.

खोल्या निवडताना घाई झाली नाही. ज्यांना मळमळीचा त्रास आहे, त्यांच्यासाठी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोल्या घेतल्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. टोकाच्या आणि वरच्या खोल्या तरुणांनी घेतल्या. दादींची खोली लिफ्टच्या जवळची.

नावात काय आहे?

ऑनलाइन चेक-इन हा शब्द ऐकताच ज्येष्ठ मंडळींनी ते काम नातवंडांकडे सोपवले. काम अवघड नाही, परंतु चिकाटीचे आहे. प्रत्येक प्रवाशाचे ओळखपत्रावरील पूर्ण नाव, जन्मतारीख, छायाचित्र, संकटकाळी कोणाला कळवायचे त्याचा क्रमांक आणि प्रकृतीविषयीचे निवेदन भरावे लागते. देशांतर्गत फेरी असल्याने पासपोर्ट लागत नव्हता, पण मुलांचीही ओळखपत्रे हवी होती. सर्व भरले की बोर्डिंग पास तयार होतो आणि टर्मिनलवर येण्याची वेळ मिळते.

सदतीस जणांचे पास दोन संध्याकाळांत तयार झाले. दादींचा झाला नाही. तिकिटावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव जुळत नव्हते. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर दादींचे नाव बदलले होते. घरात आणि भावकीत सगळे त्याच नावाने ओळखत. नातवाने तिकीट काढताना तेच लिहिले. आधार कार्डावर मात्र शाळेच्या दाखल्यावरून आलेले माहेरचे नाव होते. ते नाव घरातल्या तिसऱ्या पिढीला ठाऊकही नव्हते.

“माझ्यापायी कोणाचं अडायला नको. तुम्ही सगळे जा. मी घरीच बरी,” दादी म्हणाल्या. नातवाला वाटले, त्या नावाच्या घोळामुळे बोलत आहेत. थोरल्या सुनेला खरे कारण माहीत होते. दादींचा चौविहार चाळीस वर्षांचा. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. पिण्याचे पाणी उकळलेले. समुद्रावर हे सांभाळले जाईल, याची त्यांना खात्री नव्हती, आणि त्यासाठी कोणाला विनंती करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

नावाची दुरुस्ती तीन दिवसांत झाली. एजंटाला लेखी अर्ज, सोबत आधार कार्डाची प्रत, आणि दुरुस्त तिकीट हाती आल्यावर पुन्हा चेक-इन. चूक घरचीच होती, म्हणून रागवायला कोणी नव्हते. दुसरा प्रश्न अधिक कठीण होता.

सूर्यास्ताचे वेळापत्रक

जेवणाबाबत समूहाने एक गोष्ट अनुभवी मंडळींकडून शिकून घेतली होती. ‘शाकाहारी’ आणि ‘जैन’ या दोन वेगळ्या सूचना आहेत, आणि ‘जैन’ ही सूचना प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. अडतिसांच्या समूहात ती केवळ म्होरक्याच्या नावापुढे लिहिली, तर बाकीचे सदतीस जण कांदा-बटाट्याच्या रांगेत जातात. कंदमुळांबरोबरच केकमधले अंडे आणि मिठाईतले जिलेटिन यांविषयीही विचारणा केली गेली.

परंतु चौविहाराचे काय? थोरल्या सुनेने कागद-पेन घेऊन पहिल्या दिवसाचे वेळापत्रक मांडले. टर्मिनलवर येण्याची वेळ दुपारी साडेबारा. तपासणी करून जहाजावर पोहोचेपर्यंत दोन. सुरक्षा कवायत चार वाजता. जहाज सुटणार पाचला. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो, आणि रात्रीचे जेवण सुरू होणार साडेसातला. म्हणजे नेमक्या त्या एका तासात जेवण मिळाले नाही, तर दादींना दुसऱ्या सकाळपर्यंत उपवास.

ती कवायत चुकवता येईल का, असेही कोणी तरी विचारले. चुकवता येत नाही, आणि चुकवूही नये. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रचंड जहाज खडकावर आदळून कलंडले. ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच कवायत घेणे सक्तीचे झाले. आपले जमण्याचे ठिकाण कोणते आणि लाइफ जॅकेट कसे बांधायचे, हे शहात्तराव्या वर्षीही ठाऊक असलेच पाहिजे.

तेव्हा मार्ग विनंतीचाच उरला. समूहात चौविहार पाळणारे किती, याची मोजणी झाली. एकट्या दादीच असतील अशी सर्वांची समजूत होती. निघाले सात जण. दोन तरुण सुनाही त्यांत होत्या. त्यांनी आजवर सांगितले नव्हते इतकेच. सात जणांसाठी साडेपाच वाजता जेवण आणि थर्मासमध्ये उकळलेले पाणी मिळावे, असे लेखी पत्र गेले. पाच दिवसांनी होकार आला. एकटीसाठी कोणाला काही न मागणाऱ्या दादी ‘सात जणांसाठी’ हे ऐकून काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी थोरल्या सुनेला एवढेच विचारले, “अंथरूण न्यायचं नाही का?”

यजमानांची वळकटी त्यांना आठवत असावी. सून म्हणाली, “नाही दादी, आता सगळं तिथंच मिळतं.”

काय न्यावे, काय ठेवावे

सामान भरण्याचा विषय आला, तेव्हा समूहाने नियम केला: माणशी एकच बॅग आणि तीही मऊ. जहाजावरची खोली लहान असते आणि कडक सूटकेस पलंगाखाली सरकत नाही. दोन रात्रींसाठी काढलेल्या सहा-सहा साड्या पुन्हा कपाटात गेल्या. प्रत्येकाचा एक ठेवणीतला पोशाख, वातानुकूलित दालनांसाठी शाल, न घसरणारे जोडे, टोपी, जादा चष्मा आणि पोहणाऱ्यांसाठी पोहण्याचा पोशाख एवढेच ठरले.

न नेण्याची यादीही तितकीच महत्त्वाची ठरली. समुद्रावर सर्वांत मोठी भीती आगीची. म्हणून इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, अगरबत्ती, निरांजन यांना जहाजावर मनाई असते. घरचे शिजवलेले अन्नही सहसा नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातल्या कोरड्या खाद्यपदार्थांबद्दल आधी विचारून घ्यावे. खाकऱ्यांची पाकिटे त्यामुळे बसपुरतीच राहिली.

मळमळीवर आले चघळण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. आले चालत नाही, पण सुंठ चालते. दादींनी स्वतः सुंठ आणि गुळाच्या छोट्या गोळ्या वळल्या, आणि त्यांची डबी टर्मिनलवर दाखवता येईल अशी वरच ठेवली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मूळ पाकिटासह आणि चिठ्ठीसह वेगळ्या.

व्यापाऱ्यांच्या समूहाने समुद्रावर जाताना यादी करण्याची रीत फार जुनी आहे. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमात चंपा नगरीच्या सागरव्यापाऱ्यांची कथा येते. तांदूळ, पीठ, तेल, तूप, गूळ, पाणी, पाण्याची भांडी, औषधे, सरपण आणि वस्त्रे असे सारे भरून ते एकत्र निघतात. आज सरपण गळाले आणि चार्जर आला. औषधे आणि पाणी मात्र त्या यादीतही होते आणि या यादीतही राहिले.

एक बारीकशी गोष्ट मात्र कोणी विसरू नये. टर्मिनलवर मोठ्या बॅगेला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून ती सोपवावी लागते. ती खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते. म्हणून औषधे, ओळखपत्र, एक जोडी कपडे आणि दादींचा थर्मास हातातल्या पिशवीतच. मोबाइल किनारा सोडताच एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजावरील उपग्रह नेटवर्कचे बिल महिनाअखेर धक्का देते. जहाजावर खोलीच्या कार्डावरच खर्च पडतो, तेव्हा मुलांच्या कार्डांवर मर्यादा घालून घेतली. सर्व पास छापून एका फायलीत लावले. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

धक्क्यावर

पहाटे चारला बस निघाली. अहिल्यानगर ते मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. बॅलार्ड पिअरचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल, ज्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले, बाराच्या आत गाठले. भाऊचा धक्का तिथून फार दूर नाही. दादींनी तो कोणत्या बाजूला, हे विचारून घेतले आणि त्या दिशेला क्षणभर पाहिले.

खिडकीवरच्या मुलीने आधार कार्ड पाहिले, पास पाहिला आणि नाव वाचले. माहेरचे पूर्ण नाव. मागे उभी असलेली पणती कुजबुजली, “हे कोणाचं नाव?” दादी म्हणाल्या, “माझंच.”

चारला कवायत झाली. अडतीसही जण हजर होते. साडेपाच वाजता भोजनगृहाच्या कोपऱ्यातील टेबलावर सात ताटे लागली. जहाजाने तोवर धक्का सोडला होता. पाणी पिऊन दादींनी हात जोडले, आणि मग त्या डेकवर गेल्या. सूर्य मावळायला अजून थोडा अवकाश होता.