दोन तांबडे रंग

दसरा सरला, पावसाळ्याची ओल जमिनीतून निघून गेली आणि सातपुड्याकडून उतरणारा वारा कोरडा झाला, म्हणजे नंदुरबार शहराच्या वेशीबाहेरील मोकळ्या मैदानांतून मिरचीच्या पथाऱ्या पडू लागतात. बाजार समितीच्या आवारात लिलाव झालेली ओली लाल मिरची, मग ती फापडा असो, जरेला असो की लाली असो, गाड्या भरभरून तेथे येऊन ओतली जाते, आणि पुढे कित्येक दिवस, नाकातोंडावर फडकी बांधलेल्या मजूर स्त्रिया ती उलथीत, निवडीत आणि तिचे देठ खुडीत उन्हात बसलेल्या असतात. परक्या माणसाला त्या बाजूला पाऊल टाकताच ठसका लागतो आणि डोळ्यांना धारा लागतात. पण धारा पुसून त्याने समोर पाहिले, तर क्षितिजापर्यंत पसरलेल्या त्या तांबड्या रंगाने तो काही काळ ठसक्याचाही विसर पडून उभा राहतो.

रसायनशास्त्राची क्रमिक पुस्तके अणूच्या रचनेचा प्रारंभ हायड्रोजन वायूपासून करतात, आणि तो शास्त्रशुद्ध आहे यात संशय नाही. परंतु हायड्रोजन वायू कोणी पाहिलेला नसतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि बाजारात भावही नाही. या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला तो विषय सांगावयाचा झाला, तर त्याला प्रथम पथारीवर न्यावे असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण अणू एकमेकांशी कोणकोणत्या नात्यांनी बांधले जातात याचे बहुतेक सारे दाखले तेथे उघड्यावर, उन्हात, पसरून ठेवलेले आहेत.

अणूविषयी आरंभी एवढेच ध्यानी घ्यावे, की 1911 साली रदरफोर्डने दाखवून दिल्याप्रमाणे त्याचे जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागीच्या धनभारित केंद्रात साठलेले असते, ते केंद्र अणूच्या व्यासाच्या मानाने सुमारे लाखपटीने लहान असते, आणि उरलेला सगळा मुलूख हलक्या, ऋणभारित इलेक्ट्रॉनांच्या ताब्यात असतो. दोन अणू एकमेकांजवळ आले असता केंद्रे आपापल्या जागी अलिप्त राहतात. देवघेव, तंटा, तडजोड, जे काही होते ते सरहद्दीवरच्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांपुरते होते. गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1916 साली मांडलेली कल्पना अशी, की इलेक्ट्रॉनांची एक जोडी दोन अणूंच्या मालकीची एकाच वेळी असू शकते, आणि ही दुहेरी मालकी हाच त्यांच्यातला बंध होय. आमच्याकडच्या माणसाला हे समजावयास यत्किंचितही अडचण पडू नये, कारण तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे सामाईक लागलेली त्याने पाहिलेली असतात. जमीन एकच, कब्जा दोघांचा, आणि एकाला दुसऱ्यावाचून ती विकता येत नाही. सहसंयुज बंध तो हाच. याउलट सोडियमचा अणू आपला बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या नावे खरेदीखत करून देऊन टाकतो, आणि त्या व्यवहाराने एक धनभारित व दुसरा ऋणभारित झाल्यावर ते परस्परांना ओढून धरतात. वर्षाच्या तिखटात बरणी भरताना जे मीठ मिसळतात, त्याच्या प्रत्येक खड्यात हीच खरेदीखते असंख्य पडलेली असतात.

मिठाच्या त्या खड्यात ‘ही सोडियमची आणि ही क्लोरीनची’ अशी जोडी कोठेच वेगळी दाखविता येत नाही, सर्वत्र एकाआड एक अशी अखंड मांडणीच असते, हे लॉरेन्स ब्रॅगने 1913 साली क्ष-किरणांच्या साह्याने सिद्ध केले. आणि हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या एका वृद्ध इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला ते इतके असह्य झाले, की पुढे चौदा वर्षांनी, 1927 साली, ‘नेचर’ नियतकालिकात त्याने बिचाऱ्या मिठाची बाजू घेऊन संतापाचे पत्र लिहिले. म्हाताऱ्याचे चुकले हे खरे. पण मिठासाठी कोणी इतके भांडावे, यात मला तरी काही रम्य वाटते.

आता पथारीकडे पाहू. ऊन मिरचीतून काय काढून नेते आणि काय ठेवून जाते, हा खरा प्रश्न आहे. पाणी जाते, कारण पाण्याचा एक रेणू शेजारच्या रेणूला ज्या हायड्रोजन बंधाने धरून असतो, तो बंध, रेणूच्या आतल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या सहसंयुज बंधाच्या मानाने, जेमतेम विसाव्या हिश्श्याच्या बळाचा असतो, आणि कार्तिकातल्या उन्हाला तेवढे तोडणे सहज साधते. पाण्याचे रेणू एकमेकांपासून सुटून हवेत जातात, पण प्रत्येक रेणू स्वतः अभंगच राहतो. रंग मात्र जात नाही आणि तिखटपणाही जात नाही, कारण ते दोन्ही ज्या रेणूंचे गुण आहेत ते आकाराने मोठे, जड आणि तेलाशी सख्य असणारे आहेत. म्हणून पाणी निघून गेल्यावर ते मागे, दाटून, राहतात.

तिखटपणा धारण करणारा रेणू कॅप्सेसिन. कार्बनचे अठरा, हायड्रोजनचे सत्तावीस, ऑक्सिजनचे तीन आणि नायट्रोजनचा एक, असा त्याचा जमाखर्च आहे. तो बियांत असतो ही लोकसमजूत आहे; खरे पाहता तो बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात निर्माण होतो. त्याची लांब शेपटी केवळ कार्बन-हायड्रोजनची असल्यामुळे पाण्याला त्याच्याशी काही कर्तव्य नसते, आणि म्हणूनच ठेचा झोंबल्यावर तांब्याभर पाणी पिणारा पाहुणा तसाच हुळहुळत बसतो व दह्याची वाटी पुढे करणारी घरधनीण शहाणी ठरते. उष्णतेची वर्दी मेंदूला देणाऱ्या मज्जातंतूंवरील ज्या प्रथिनाला हा रेणू जाऊन बिलगतो, ते प्रथिन डेव्हिड ज्यूलियसने 1997 साली शोधून काढले व त्याबद्दल त्याला 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोंड भाजल्याचा भास आपल्याला होतो तो, कढत घोटाने जो दरवाजा उघडावा तोच दरवाजा मिरची थंडपणे उघडते म्हणून.

परंतु माझे मन रमते ते रंगापाशी. पिकल्या मिरचीचा तांबडा रंग मुख्यत्वे कॅप्सॅन्थिन या द्रव्याचा असतो. त्याच्या रेणूत कार्बनची एक लांब साखळी आहे, आणि त्या साखळीत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात; कार्बन-कार्बनमधले असे दुहेरी बंध दहा, आणि एका टोकाला ऑक्सिजनशी जडलेला अकरावा. प्रत्येक दुहेरी बंधातली एक जोडी दोन अणूंच्या मध्ये घट्ट बसलेली असते. दुसरी जरा सैल असते. आणि दुहेरी बंध असे आळीपाळीने आले, की या सैल इलेक्ट्रॉनांवर कोणा दोघांचे नाव राहत नाही, ते साऱ्या साखळीचे गायरान होते. गायरान जितके लांब, तितके त्यातल्या इलेक्ट्रॉनाला वरच्या पायरीवर चढवावयास बळ थोडे पुरते. साखळी आखूड असती, तर त्या कामाला डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणच लागते व मिरचीला त्यापायी रंग चढला नसता. ती अकरा बंधांइतकी लांब असल्यामुळे निळा-हिरवा प्रकाशच ते काम करून जातो, तो रेणूत शोषला जातो, आणि जे उरते ते परत आपल्या डोळ्यांकडे येते. पथारीचे ते तांबडेपण म्हणजे सूर्यप्रकाशातून निळे-हिरवे वजा जाता राहिलेली शिल्लक होय. मात्र हीच लांबी तिची दुबळी बाजूही आहे; ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून साखळी मध्येच तोडू शकतात, गायरानाचे तुकडे पडतात, आणि फार दिवस उघड्यावर राहिलेली मिरची फिकी पडते व व्यापारी तिचा भाव पाडतो. अवकाळी पाऊस आला तर विचारावयासच नको. मग तिला बुरशी धरते आणि खरेदीदाराचे सारे भांडवल त्या पथारीवर कुजते.

हीच मिरची पिकण्यापूर्वी हिरवी असते, आणि ते हिरवेपण क्लोरोफिलचे असते. तेथे साखळीऐवजी कड्यासारखी वाटोळी रचना आहे, इलेक्ट्रॉनांचे गायरान कड्याभोवती फिरते, आणि मध्यभागी चार नायट्रोजन अणूंनी मॅग्नेशियमचा एक अणू धरून ठेवलेला असतो. मॅग्नेशियम काढून, थोड्याशा फेरफाराने, त्याच जातीच्या कड्यात लोखंडाचा अणू बसविला म्हणजे आपल्या रक्तातले हीम होते. या दोन्हींच्या घडणीचा छडा लावणाऱ्या हान्स फिशरला 1930 साली नोबेल मिळाले. मिरची खुडणाऱ्या स्त्रीच्या बोटांत वाहणारे तांबडे आणि तिने काही आठवड्यांपूर्वी झाडावर पाहिलेले हिरवे यांचे नाते असे जवळचे आहे.

आणि येथे नंदुरबारच्या दुसऱ्या तांबड्या रंगाशी आपण येतो, जो बाजारात येत नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात लोकसंख्येचे जवळजवळ सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत, आणि त्यांच्यातल्या भिल्ल, पावरा या समाजांत रक्ताच्या ज्या आजाराला सर्वत्र सिकलसेल म्हणतात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हीम बाळगणाऱ्या हिमोग्लोबिनच्या रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या आणि अमिनो आम्लांचे 574 घटक असतात. या आजारात त्यांपैकी दोन बीटा साखळ्यांत, प्रत्येकी 146 घटकांपैकी केवळ सहाव्या स्थानी, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आलेले असते. ग्लुटामिक आम्ल ऋणभारित, म्हणून पाण्याशी मिळूनमिसळून राहणारे. व्हॅलीन भारहीन, पाणी टाळणारे. ऑक्सिजन जवळ असेपर्यंत हा फरक खपून जातो. तो देऊन झाला, की हे व्हॅलीन पाण्यापासून सुटका शोधीत शेजारच्या रेणूवरील तशाच एका खोबणीत शिरते, तो तिसऱ्याला धरतो, तंतू वाढतात, आणि वाटोळी, लवचीक तांबडी पेशी ताठरून विळ्यासारखी वाकते. एरव्ही एकशेवीस दिवस जगणारी ही पेशी मग दहा-वीस दिवसांत मोडते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे ठणकतात, आणि मूल रात्रभर रडते.

या आजाराचे मूळ रेणूत आहे हे ज्या माणसाने प्रथम ओळखले, तोच रासायनिक बंधाचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा भाष्यकार होता, हा योगायोग मला केवळ योगायोग वाटत नाही. लायनस पॉलिंगने 1936 साली, चार्ल्स कोरिएलच्या साथीने, रक्त चुंबकाजवळ नेऊन दाखविले होते, की ऑक्सिजन सोडलेल्या हीममधील लोखंडापाशी चार इलेक्ट्रॉन जोडीवाचून एकटे असतात व ऑक्सिजन येताच एकही एकटा राहत नाही. 1939 साली त्याचा बंधांवरचा ग्रंथ आला. आणि 1949 साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात ठेवून ते निरोगी हिमोग्लोबिनाहून निराळ्या गतीने सरकते, म्हणजेच त्याच्यावरचा विद्युद्भार निराळा आहे, हे सिद्ध केले. आजाराचा पत्ता रेणूवर लिहिता आला तो तेव्हा, आणि 1956-57 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने केंब्रिजमध्ये तो एकाच अमिनो आम्लाच्या बदलापर्यंत नेमका केला. ज्या पॉलिंगला भार कोणाच्या नावे लागला हे पाहण्याची सवय होती, त्यालाच हा फरक दिसावा हे स्वाभाविक होते. भारतात या आजाराची नोंद 1952 मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत, झाली.

असा घातक फेरफार पिढ्यांमागून पिढ्या टिकला कसा, याचे उत्तर अँथनी ॲलिसनने 1954 साली पूर्व आफ्रिकेत शोधले: ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो त्या वाहकाला मलेरियापासून बरेच संरक्षण लाभते. जंगलाकाठच्या मलेरियाने ज्यांची पोरे वेचून नेली असती, त्यांना या एका व्हॅलीनने तारले, आणि त्याची किंमत त्यांच्या नातवंडांकडून वसूल केली. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारांत एक. म्हणूनच लग्नाआधी तपासणी करा असे आरोग्य कर्मचारी पाड्यापाड्यांवर सांगत असतात, आणि तपासणीची एक मुख्य पद्धत अद्यापि पॉलिंगचीच आहे: विद्युत्क्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनाचा मुख्य पट्टा एका जागी, रुग्णाचा दुसऱ्या जागी, आणि वाहकाचे दोन. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 2047 पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे योजिले आहे.

औषध आहे, आणि तेही एक लहानसा रेणूच आहे: हायड्रॉक्सियुरिया, एक कार्बन, चार हायड्रोजन, दोन नायट्रोजन व दोन ऑक्सिजन. तो व्हॅलीनला हात लावीत नाही; मूल गर्भात असताना वापरावयाचे व जन्मानंतर शरीराने बाजूला ठेवलेले हिमोग्लोबिन तो पुन्हा कामावर बोलावितो, आणि त्या हिमोग्लोबिनाच्या साखळीत सहाव्या स्थानचा तो दोष नसल्यामुळे तंतू वाढता वाढता अडतात. गोळी मात्र रोज घ्यावी लागते, आणि रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते; तेव्हा धडगावच्या डोंगरातल्या पाड्यांवर आणि नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या ज्या वस्त्यांना आजही बोटीनेच गाठावे लागते तेथे, रसायनशास्त्राचा प्रश्न संपून गोळ्यांची पुढची पुडी वेळेवर पोहोचविण्याचा प्रश्न सुरू होतो.