पोळ्याला शेठ नसतो

वर कुणीतरी बसल्याशिवाय चार जणांचे काम चालत नाही, हे माझे सुरतेत पिकलेले मत. उधन्याच्या लूमखात्यात देखरेख करणाऱ्याचे दुसरे मत होणार तरी कसे? शेठ बाहेरगावी गेला की चहाच्या टपरीवर गर्दी. खात्याच्या पत्र्याखाली गांधीलमाश्यांचे पोळे लागे, तेव्हाही राणी म्हणजे तिथली शेठाणी, असेच मी धरून चाललो होतो.

ते मत बदलले बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांच्या कामामुळे. ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ ही दक्षिण भारतात सर्रास दिसणारी गांधीलमाशी. एकेकीला रंगाचा ठिपका लावून कोण कुणाला ढोसते, कोण कुणाला घास देते, याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे ठेवल्या. त्यात राणी निघाली अगदी गरीब. ती फारसे कुणाला हटकत नाही, आणि तिला उचलून नेले तरी अन्न आणणे चालूच राहते. ढोसाढोशी चालते ती कामकऱ्यांची आपसात, आणि पोळ्यातली भूक बाहेर जाणारीला कळते ती त्यातूनच. आयते खाणे भरपूर घातले, तर तिला बसणारे धक्के कमी होतात.

राणीची सत्ता अंडी घालण्यापुरती. पोट पोळ्यावर घासून ती आपला गंध लावते, तेवढीच तिची हजेरी. तिला काढले की थोड्याच वेळात एक कामकरी एकाएकी आक्रमक होते. राणी परत आली नाही तर आठवड्याभरात तीच अंडी घालू लागते, आणि मग तीही निमूट. अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी पोळे कापून मधे जाळी लावून केलेला प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. वारस कोण, हे माश्यांना आधीच ठाऊक असते, असे त्यातून दिसले. बघणाऱ्या माणसाला मात्र ती ओळखू येत नाही. ना भांडण, ना दावेदारी! हे पचायला मला सर्वांत जड गेले, कारण शेठ गेल्यावर पोरांत होणाऱ्या वाटण्या मी जवळून पाहिल्या आहेत.

खात्याबद्दलचे मत मात्र अर्धेच बदलले. कारागीर एकमेकांना बघून, हाका मारून बरेच काम उरकतात, हे आता दिसते. पण पोळ्यातली मादी मनात आले तर निघून जाऊन एकटीने नवे पोळे बांधू शकते. नंदुरबारहून आलेल्या कारागिराला दुसरे खाते मिळेल, स्वतःचे लूम कुठून मिळणार?