चांदा ते वडसा : आठ दिव्यांचा प्रवास

आपाचा फोन आला तेव्हा मी वह्या तपासत बसलो होतो. "तुझ्या दुल्हाभाईंचं बोट मशीनमध्ये गेलं," एवढे बोलून ती रडू लागली. डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक गेले होते. अल्लाहचा फजल की बाकी हात वाचला. किती वाजता झाले, असे विचारले तेव्हा म्हणाली, "मगरिबनंतर. अंधारच असतो रे तिथे."

ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुल्हाभाई वडशाला सुतारकाम करतात. घरामागच्या परसात टिनाचे छप्पर घातलेली लांबट पडवी आहे, तोच त्यांचा कारखाना. त्यात एक जुनी ट्यूबलाइट आणि रंधा मशीनवर लोंबणारा एक बल्ब, एवढाच उजेड. जखम भरली, ते पुन्हा कामाला लागले. पण उजेड तोच राहिला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवले, वडशाला जायचे ते दिवे घेऊनच.

नवे दिवे परवडणारे नव्हते. आमच्या चंद्रपुरात एका कापड दुकानाचे छत नव्याने होत होते. तिथून निघालेले दोन फूट बाय दोन फुटांचे एलईडी पॅनेल जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडे पडून होते. प्रत्येकी छत्तीस वॅट. त्याने एकेक लावून दाखवले. नववे पॅनेल लावले तेव्हा त्याचा एक कोपरा काळा दिसला. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "हे घेऊ नका, गुरुजी. हे आतून गेलंय." मालातला दोष लपवून विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो, बाजारात ते पाहायला मिळाले की बरे वाटते. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत आठ पॅनेल घेतले आणि अम्मीच्या जुन्या गोधडीत बांधले.

सकाळी रिक्षातून चांदा फोर्ट स्टेशनकडे निघालो. मागे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांतून धूर निघत होता. २९२० मेगावॅटचे हे केंद्र. त्याची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि वीज महाराष्ट्रभर जाते. गोंदियाच्या गाडीत गोधडीचे गाठोडे पाहून समोरच्या आजींनी विचारले, "टीव्ही हाय का जी?" दिवे आहेत म्हटल्यावर त्यांनी पाय आवरून जागा करून दिली.

गाडी केळझरच्या बाजूला जंगलात शिरते. दोन्ही अंगांना साग आणि बांबू. हा वाघांचा मुलूख. या रुळांवर वन्यप्राणी गाडीखाली सापडल्याच्या बातम्या आम्ही नेहमी वाचतो. मूल, सिंदेवाही, नागभीड मागे पडले की झाडी विरळ होते आणि धानाची शेते लागतात. कापणी झालेल्या बांध्यांमध्ये पुंजणे उभे होते. ब्रह्मपुरी गेली, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गडचिरोली जिल्हा सुरू झाला. १९८२ साली हा जिल्हा आमच्या चंद्रपुरातूनच वेगळा झाला. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात आगगाडी येते ती या वडशालाच. सरकारी कागदावर गावाचे नाव देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा.

वडशाची आणखी एक ओळख म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी. नाटक मंडळ्यांची कार्यालये इथे ओळीने आहेत. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटके चालतात आणि हजारो माणसे थंडीत घोंगडी पांघरून बसतात. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. दुल्हाभाईंना दारे, खिडक्या, दिवाण ही कामे वर्षभर असतात. पण हंगाम सुरू झाला की मंडळ्यांचे सामानही दुरुस्तीला येते आणि सगळ्यांना ते संध्याकाळपर्यंत हवे असते. म्हणून अंधार पडल्यावरही मशीन चालू राहते.

वायरमन आला. त्याने आधी दिवे नाही, भिंतीतला प्लग पाहिला. "अर्थिंगच नाही इथे. पॅनेलची चौकट अ‍ॅल्युमिनियमची. आधी अर्थिंग, मग दिवे." माझा अर्धा दिवस गेला, पण तो बरोबर होता. जमिनीत अर्थिंग केले, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. पॅनेल छतात बसवायचे असल्याने टिनाखाली अडकवायला काही नव्हते. दुल्हाभाईंनी सागाच्या उरलेल्या पट्ट्यांच्या आठ चौकटी तासाभरात ठोकल्या. प्रत्येक पॅनेलचा ड्रायव्हर भुशापासून दूर, वेगळ्या डब्यात ठेवला. जुने एलईडी बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा दिवा नव्हे, ड्रायव्हर गेलेला असतो.

मी शाळेच्या वर्गासारखे दिवे एका सरळ रांगेत लावायला सांगितले. सुरू केले तेव्हा पडवी लख्ख झाली. आपाने "माशाअल्लाह" म्हटले. दुल्हाभाई बाकाशी उभे राहिले, पेन्सिलीने रेघ मारली आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "मास्टर, उजेड छान आहे. पण रेघेवर माझीच सावली पडते."

दिवे त्यांच्या पाठीमागे होते. मी आठवीला प्रकाशाचा पाठ शिकवतो. प्रच्छाया आणि उपच्छाया फळ्यावर काढतो. वस्तूकडून डोळ्यात प्रकाश येतो म्हणून ती दिसते, हे बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी मांडले, हेही मुलांना अभिमानाने सांगतो. एवढे सांगणाऱ्याला काम करणारा माणूस कुठे उभा राहतो, हे विचारायचे सुचले नाही. मग दोन पॅनेल बाकाच्या डाव्या-उजव्या अंगाला घेतली. एकाची सावली दुसऱ्याच्या उजेडाने फिकी झाली आणि रेघ मोकळी दिसू लागली.

खरी गोष्ट भाचीमुळे कळली. ती मोबाइलवर चित्रण करत होती. "मामू, या दिव्यात काळे पट्टे फिरतात." डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. वायरमनने सांगितले, आपली वीज पन्नास सायकलची. हलका ड्रायव्हर असला की दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण अशा उजेडात फिरणारे पाते कधी संथ, कधी थांबल्यासारखे भासते.

थांबल्यासारखे. दुल्हाभाईंनी स्वतःच्या बोटाकडे पाहिले. कोणीच काही बोलले नाही.

आठही पॅनेल मोबाइलसमोर धरली. तिघांत पट्टे निघाले. ती मागे लाकडाच्या थप्पीवर लावली. चांगल्या पाचांपैकी दोन बाकावर होतीच. दोन मशीनवर आणि एक दाराशी घेतले. सगळे मिळून २८८ वॅट. रोज चार तास जळले तरी एक युनिटाहून थोडेच जास्त. पॉलिश मात्र दुल्हाभाई दिवसाच करणार. या पांढऱ्या उजेडात सागाचा रंग खोटा दिसतो, म्हणाले.

तुमच्या घरी शिलाई मशीन असो, वेल्डिंग असो की सुतारकाम, जुने दिवे घेताना मोबाइलच्या कॅमेऱ्यातून एकदा बघा, अर्थिंग तपासून घ्या आणि जो तिथे बसून काम करतो त्याला आधी विचारा.

दुसऱ्या दिवशी मगरिबची नमाज पढून आलो तर मशीन चालू होते. भाची दाराशी पोते टाकून गणिते सोडवत होती. दुल्हाभाईंनी मशीन बंद केले, पाते पूर्ण थांबेपर्यंत उभे राहिले, मगच फळी उचलली. आपा चहा घेऊन आली. आज ती दारात थांबली नाही, आत येऊन बसली.